चपलेतील खडा

लॅटिन भाषेत ‘स्क्रुपुलुस’ असा एक शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ बारीक, टोकदार खडा. चपलेत शिरलेला खडा इतरांना दिसत नाही. परंतु ज्याच्या पायाखाली तो असतो त्याला एकेक पाऊल टाकणे कठीण होते. ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्राने हाच शब्द मनाच्या एका व्याधीसाठी स्वीकारला. जे पाप नाही ते पाप वाटणे, ज्याची क्षमा झाली आहे त्याच्या क्षमेची खात्री न पटणे आणि तेच ते पुनःपुन्हा निवेदन करीत राहणे, असे तिचे स्वरूप आहे. आपण तिला ‘पापशंका’ म्हणू.

एका माणसाने दुसऱ्या माणसासमोर बसून मन मोकळे करावे आणि त्यातून बरे व्हावे, ही प्रथा फार जुनी आहे. तिचा इतिहास वाचकांपुढे ठेवताना आम्ही या खड्यालाच वाटाड्या केले आहे. कारण याच खड्याने एकेकाळी आमची चूक आम्हांला दाखवून दिली.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, गुरुदीक्षेनंतर लवकरच, एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू म्हणून आमची नेमणूक झाली. तेथे एक शिक्षक होते. अत्यंत सालस, शाळेत वक्तशीर, चर्चमध्ये नेमाने येणारे. त्यांच्याविषयी जे येथे लिहीत आहोत ते त्यांनी व त्यांच्या पत्नीने धर्मगुरुनिवासाच्या ओसरीवर बसून सांगितलेले आहे, आणि त्यांच्या परवानगीने लिहीत आहोत. प्रायश्चित्तसंस्काराच्या मुद्रेखालील एकही शब्द यात नाही, हे आरंभीच सांगणे आमचे कर्तव्य आहे.

सर रोज संध्याकाळी येत. प्रश्न एकच असे. “फादर, देवानं मला क्षमा केली असेल ना?” आम्ही म्हणत असू, “केली आहे, सर.” त्यांचा चेहरा उजळे. फाटकापर्यंत जात आणि परत फिरत. “पण फादर, मी सगळं नीट सांगितलं होतं ना?” ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी ते रांगेत उभे राहत आणि वेदीपासून चार पावलांवर असताना मागे फिरत. एकदा त्यांच्या पत्नी आल्या. म्हणाल्या, “फादर, रात्री उठून दिवा लावतात आणि वहीत पापं लिहीत बसतात. मुलं घाबरतात.” आम्ही नोव्हेना करण्यास सांगितले. सरांना रोज अर्धा तास धीर देऊ लागलो. आपण मेंढपाळाचे कर्तव्य करीत आहोत असे आम्हांला मनापासून वाटत होते.

काही महिन्यांत त्यांनी शाळेतून बिनपगारी रजा घेतली. मग एका संध्याकाळी ते म्हणाले, “फादर, आता विहिरीजवळून जायची भीती वाटते.” त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. दवाखाना चालविणाऱ्या एका धर्मभगिनीशी आम्ही सल्लामसलत केली. त्या स्पष्टवक्त्या होत्या. “फादर, सरांना टायफॉइड झाला असता तर तुम्ही नुसती नोव्हेना सांगितली असती का? आणि हे रोज धीर देणं तुम्ही थांबवा. त्यांना त्याचं व्यसन लागलंय.” पुढे काय झाले ते शेवटी सांगू. त्या बोलण्याने दुखावलेल्या आम्ही तेव्हा पुस्तकांची कपाटे उघडली, आणि या खड्याचा माग किती दूर जातो हे ध्यानात आले.

आत्म्याचे वैद्य

आद्य ख्रिस्तसभेत गंभीर पापांचे प्रायश्चित्त जाहीर असे आणि ते आयुष्यात बहुधा एकदाच मिळे. सहाव्या शतकापासून आयर्लंडच्या मठवासीयांनी निराळी वहिवाट पाडली. खाजगीत, एकाने एकापाशी, आणि हवे तितक्या वेळा पापनिवेदन करता येऊ लागले. या मठवासीयांच्या मार्गदर्शक पुस्तिकांची भाषा न्यायालयापेक्षा दवाखान्याची अधिक होती. ज्याचा जो विकार, त्याला त्याच्या उलट औषध, असे त्यांचे सूत्र होते.

1215 साली चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ भाविकाला वर्षातून निदान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. त्याच नियमात धर्मगुरू कसा असावा हेही सांगितले आहे. जखमेवर द्राक्षारस व तेल ओतणाऱ्या कुशल वैद्यासारखा तो असावा. रुग्णाची परिस्थिती त्याने विचारपूर्वक जाणून घ्यावी. आणि ऐकलेले बाहेर फोडणाऱ्याला पदावरून दूर करून आयुष्यभर मठात प्रायश्चित्त भोगण्यास धाडावे. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांनी 1577 च्या आपल्या सूचनांत पापनिवेदनासाठी जाळी असलेल्या लाकडी आसनाची रचना ठरवून दिली. एक ऐकणारा, एक बोलणारा, ठरलेली जागा आणि अभेद्य गुप्तता, ही चौकट अशी सिद्ध झाली. आजच्या समुपदेशकाची खोलीही याच चार खांबांवर उभी आहे.

परंतु ज्याचा खडा या चौकटीत निघत नाही, त्याचे काय? या प्रश्नाला एका संतानेच तोंड दिले आहे.

1522 साली इग्नेशियस लोयोला स्पेनमधील मान्रेसा या गावी येऊन राहिले. त्याआधी मॉन्सेरातच्या मठात तीन दिवस खपून, सारे लिहून काढून, त्यांनी आयुष्यभराचे पापनिवेदन केले होते. तरीही काही राहून गेले ही शंका त्यांना सोडीना. एका विद्वान धर्मगुरूने आठवेल ते सर्व लिहून काढण्यास सांगितले. त्यांनी तसे केले. शंका अधिकच बारीक होऊन परतली. गतकालातील एखादे पाप अगदी स्पष्ट असेल तरच सांगावे, अशी आज्ञा झाली. पण त्यांना तर सारेच स्पष्ट वाटत होते. दररोज सात तास गुडघे टेकून प्रार्थना करूनही शांती मिळेना. त्यांच्या खोलीत एक मोठे विवर होते. त्यात उडी घेण्याचा मोह त्यांना वारंवार होई. पुढे उतारवयात आपले चरित्र सांगताना त्यांनी हे लपविले नाही. ज्या संताच्या नावाने आपण मुलांची नावे ठेवतो आणि शाळा काढतो, तो संतही एकेकाळी त्या विवराच्या काठावर उभा होता. हे वाचताना आम्हांला सरांची विहीर आठवली.

त्यांची सुटका कशी झाली? गतकालातील पापे यापुढे पुन्हा सांगायची नाहीत, असा निश्चय त्यांनी एके दिवशी केला. आणि त्या दिवसापासून शंका ओसरली. ही आपल्यावर झालेली देवाची कृपा होय, असे ते मानीत. आपला अनुभव त्यांनी ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथातील पापशंकेविषयीच्या टिपणांत गोठवून ठेवला आहे. वाटेत आडव्या पडलेल्या दोन काड्यांचा क्रूस चुकून पायाखाली आला, आणि ‘मी पाप केले’ असे एखाद्याने ठरविले, तर ती समजुतीची चूक होय. ती समजावून दूर करता येते. परंतु पाप झाले असे वाटते आणि नाही असेही वाटते, आणि मन अस्वस्थच राहते, ती खरी पापशंका. समजुतीच्या चुकीवर युक्तिवाद लागू पडतो, पापशंकेवर पडत नाही. आम्ही सरांशी सहा महिने युक्तिवादच करीत होतो.

अठराव्या शतकात संत अल्फॉन्सस लिगोरी यांनी हीच वाट रुंद केली. त्यांनाही पापशंकेने जन्मभर छळले होते. अशा भाविकाने एकाच धर्मगुरूचे ऐकावे आणि केलेले पापनिवेदन पुन्हा करू नये, अशी त्यांची शिकवण आहे. 1950 साली पोप पायस बारावे यांनी त्यांना पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते घोषित केले.

कांदोळीहून व्हिएन्नापर्यंत

धर्मगुरूच्या जाळीमागचा हा संवाद वैद्याच्या खोलीत कसा गेला? या वाटेवर एक नाव आपल्या शेजारच्या गोव्याचे आहे. आबे फारिया, म्हणजेच जुझे कुस्तोदियु द फारिया, यांचा जन्म 1756 साली बार्देशातील कांदोळी येथे झाला. 1780 साली रोममध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यांच्याविषयी गोव्यात एक आख्यायिका सांगतात. राणीपुढे प्रवचन करताना तरुण फारिया गडबडून गप्प झाले, तेव्हा वडिलांनी हळूच कोंकणीत म्हटले की समोर बसली आहे ती सगळी भाजी आहे. काप रे भाजी! त्या एका वाक्याने त्यांची जीभ सुटली. आख्यायिका खरी असो वा नसो, ती फारियांना शोभणारी आहे.

1813 साली पॅरिसमध्ये त्यांनी संमोहनाचे जाहीर प्रयोग सुरू केले. उपचारकाच्या शरीरातून एक अदृश्य चुंबकीय द्रव रुग्णात वाहतो, असा त्या काळी बोलबाला होता. फारियांनी तो नाकारला. समोरच्याला खुर्चीत बसवून ते डोळे मिटण्यास सांगत आणि ‘झोपा’ अशी आज्ञा देत. माझ्यात कोणतीही गूढ शक्ती नाही, जे घडते ते समोरच्याच्याच मनात घडते, हा त्यांचा सिद्धान्त होता. लोकांनी टवाळी केली. 1819 साली ते पॅरिसमध्येच निवर्तले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा उभा आहे. पुढे फ्रान्समधील नान्सी येथील डॉक्टरांनी हाच विचार पुढे नेला, आणि 1889 साली त्यांची पद्धत पाहण्यास व्हिएन्नाहून एक तरुण डॉक्टर तेथे गेला. त्याचे नाव सिग्मंड फ्रॉइड.

फ्रॉइड यांनी संमोहन पुढे सोडून दिले आणि केवळ बोलणे व ऐकणे ठेवले. त्याची सुरुवात त्यांचे ज्येष्ठ स्नेही डॉ. जोसेफ ब्रॉयर यांच्या एका रुग्णेपासून झाली होती. आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता बेर्टा पापेनहाइम ही तरुणी स्वतःच आजारी पडली. हातपाय लुळे पडले, मातृभाषा बोलता येईना. 1880 ते 1882 या काळात ब्रॉयर तिच्याजवळ बसून ऐकत राहिले. मनातले सांगितले की तिला बरे वाटे. ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव डॉक्टरांनी दिले नाही, तिनेच दिले. 1895 साली छापलेल्या वृत्तांतात ती पूर्ण बरी झाल्याचे चित्र आहे. वस्तुतः तिला त्यानंतर आरोग्यधामात ठेवावे लागले होते. तरी पुढे तिने जर्मनीतील अनाथ यहुदी मुलींसाठी आयुष्य वेचले आणि 1904 साली यहुदी स्त्रियांची संघटना स्थापिली. बोलण्याचा उपचार जादू नव्हे, हेही आपण तिच्याकडूनच शिकावे.

संशय आणि स्वागत

1927 साली फ्रॉइड यांनी धर्म म्हणजे भ्रम होय असे प्रतिपादन केले. साहजिकच ख्रिस्तसभेत संशय दाटला. तरीही 13 एप्रिल 1953 रोजी पोप पायस बारावे यांनी रोममध्ये मानसोपचारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे भाषण केले. त्यांनी एक मोलाचा भेद केला. अपराधाची विकृत, रोगट भावना असू शकते आणि तिच्यावर उपचार व्हावा; परंतु खरा अपराध केवळ मानसोपचाराने धुतला जात नाही. संशय मात्र एकाएकी सरला नाही. 1961 साली रोमच्या धर्मपीठाने धर्मगुरूंना मनोविश्लेषणाचा व्यवसाय करण्यास मनाई केली होती. पुढे 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या घटनेत स्पष्ट सांगितले, की मेंढपाळीच्या कार्यात ईशज्ञानाच्या तत्त्वांबरोबर मानसशास्त्र व समाजशास्त्र यांचाही योग्य उपयोग करावा. ती दिशा मग आपल्या दाराशीही पोहोचली. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांनी 1970 च्या दशकाच्या आरंभी पुण्यात मेंढपाळी समुपदेशनाची संस्था सुरू केली. ती पुढे लोणावळ्याला गेली. देशभरचे धर्मगुरू व धर्मभगिनी तेथे आधी ऐकण्यास शिकल्या.

समुपदेशन या शब्दाला आजचा अर्थ देण्यात कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा वाटा मोठा आहे. तेही तरुणपणी 1924 साली न्यूयॉर्कच्या एका धर्मशिक्षण संस्थेत दाखल झाले होते. 1942 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाचे सार असे, की समुपदेशकाने उपदेश करू नये. समोरच्याला न जोखता समजून घ्यावे, म्हणजे तो स्वतःची वाट स्वतः शोधतो.

आणि आमचा खडा? 1966 साली लंडनमधील व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवरील उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एका स्त्रीला हात धुण्याचा अतिरेकी ध्यास होता. दुसरीला देवनिंदेचे नकोसे विचार छळत होते. मायर यांनी भीती टाळू दिली नाही, तिला सामोरे जाण्यास लावले, आणि भीती शमविण्यासाठी जो विधी रुग्ण पुनःपुन्हा करी तो करू दिला नाही. यामागील तर्क साधा आहे. शंका येते, मन कासावीस होते, माणूस धुतो किंवा कबुली देतो, क्षणभर सुटका वाटते. ही सुटकाच पुढच्या शंकेचे खतपाणी ठरते. ते तोडले की कासाविशी आधी वाढते, मग आपोआप ओसरू लागते. आजही ही पद्धत, जरूर तेथे औषधांच्या जोडीने, या विकारावरील प्रमुख उपचार मानली जाते. मान्रेसाचा निश्चय आणि लंडनचा उपचार यांत चार शतकांहून अधिक अंतर आहे. परंतु दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवितात.

दोन खोल्या

आता सरांकडे वळू. शहरातील एका मानसोपचारतज्ज्ञांनी औषधे सुरू केली आणि एका समुपदेशक बाईंकडे दर आठवड्याला एक तास जाणे ठरले. सरांच्या संमतीने बाईंनी आम्हांलाही बोलावून घेतले. त्यांनी आम्हांला तीन नियम घालून दिले. धर्मगुरू एकच असावा. महिन्यातून एकदा, एकेक गोष्ट एकदाच. आणि एरवी त्यांनी ‘क्षमा झाली ना?’ असे विचारले तर उत्तर द्यायचे नाही.

तिसरा नियम पाळणे आम्हांला फार जड गेले. पहिल्याच आठवड्यात सर भर पावसात ओसरीवर आले. तोच प्रश्न. आम्ही म्हणालो, “सर, याचं उत्तर आज मी देणार नाही. चहा घ्या.” त्यांच्या चेहऱ्यावरची ती अगतिकता आम्ही विसरलो नाही. आपण दगडाच्या काळजाचे झालो असे वाटले. ते चहा न घेता निघून गेले. पण फाटकापासून परत फिरले नाहीत, हे आमच्या मागाहून लक्षात आले. वर्षभराने ते शाळेत रुजू झाले. प्रायश्चित्तकाळात शंका अजूनही डोके वर काढते, असे ते सांगतात. खडा पुरता गेलेला नाही. पण चालता येते. ख्रिस्तशरीराच्या रांगेत ते आता वेदीपर्यंत येतात.

धर्मगुरूची जाळी आणि समुपदेशकाची खोली यांची गल्लत करू नये, हे या इतिहासाचे सांगणे आहे. जाळीमागे देव क्षमा करतो. ती क्षमा कोणताही समुपदेशक देऊ शकत नाही, आणि चांगला समुपदेशक तसा दावाही करीत नाही. पण क्षमा मिळूनही ती ग्रहण न करू शकणाऱ्या आजारी मनाची शुश्रूषा हे वेगळे काम आहे, आणि आम्हां धर्मगुरूंना ते शिकल्याशिवाय येत नाही. गुप्ततेतही फरक आहे. संस्काराच्या मुद्रेला अपवाद नाही. समुपदेशक मात्र कुणाच्या जिवाला धोका दिसला तर इतरांना सावध करू शकतो. हे त्याने पहिल्याच भेटीत सांगावे.

या अज्ञानाची किंमत आपल्या घरांनी मोजली आहे. 1917 च्या धर्मनियमसंहितेने हेतुपूर्वक आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. 1983 च्या संहितेत ती तरतूद राहिली नाही, आणि 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथाने गंभीर मानसिक विकाराने माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते हे नमूद करून अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये असे सांगितले. देशाच्या कायद्यानेही पाऊल पुढे टाकले. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येकाला या उपचारांचा हक्क दिला आणि उपचारांची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले. 2022 च्या ऑक्टोबरात ‘टेलिमानस’ ही सरकारी दूरध्वनीसेवा सुरू झाली. 14416 हा तिचा क्रमांक. कुणाकडे जावे असा प्रश्न पडला तर शिक्षण व नोंदणी विचारण्यात संकोच नको. चिकित्सक मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरात कुणी एकच प्रश्न दहादा विचारीत असेल, रात्री उठून बसत असेल, तर त्याची श्रद्धा कमी पडली असे म्हणू नका. प्रार्थना चालू ठेवा आणि उपचारांचीही तजवीज करा. पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर जा. त्या दिवशी सरांना त्यांच्या पत्नी एकट्याच एस.टी.ने घेऊन गेल्या होत्या. आम्ही जायला हवे होते.